एकवीस किलोमीटरची हौस

रुळांशेजारच्या किलोमीटरच्या पाट्यांचा हिशेब मुंबईपासून चालतो. त्या हिशेबाने जळगाव साधारण ४२० व्या किलोमीटरवर येते आणि भुसावळ ४४४ व्या. मधे एकटे भादली. गाडी सिग्नलला अडकली नाही तर एवढे अंतर सहज संपते. वरच्या फळीवरची बॅग काढून दाराशी येईपर्यंत वाघूर मागे पडलेली असते. हाफ मॅरेथॉन म्हणजे यातले २१.०९७५ किलोमीटर. जळगावहून निघालेल्या माणसाची हाफ पुरी होते तेव्हा भुसावळ अजून तीनेक किलोमीटर लांब असते. या शर्यतीचा सगळा स्वभाव त्या उरलेल्या अंतरात आहे, असे मला वाटते. ती कुठे पोचवत नाही.

पूर्ण मॅरेथॉनला निदान एक कथा आहे. खरे तर हिरोडोटसचा फिडिपिडीज मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावतो. विजयाची बातमी सांगून कोसळून मरणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी आणला. पण १८९६ च्या ऑलिंपिकला तीच गोष्ट लागू पडली आणि ती टिकली. हाफला अशी पुराणकथा नाही. अर्ध्या वाटेवर कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. ऑलिंपिकमध्येही ही शर्यत नाही. तिचे अंतरसुद्धा उसने आहे. १९०८ साली लंडनला विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत जो रस्ता आखला गेला, तो ४२.१९५ किलोमीटर भरला; १९२१ मध्ये तोच आकडा कायम झाला आणि त्याचे दोन भाग केले की आपली हाफ. एकवीस किलोमीटर संपल्यावर जे साडेसत्त्याण्णव मीटर जीव खातात, ते त्या राजसोयीचे आपल्या वाट्याला आलेले निम्मे देणे.

भुसावळात पहाटे धावणाऱ्याला कारण विचारले जाते. चहाच्या टपरीवरून ठरलेला प्रश्न येतो, ‘‘गाडी चुकली का भाऊ?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. हे गाव रेल्वेने वसवले. जीआयपी रेल्वेचे रूळ १८६० च्या दशकात इथे आले, इथून एक फाटा खांडव्याकडे आणि एक नागपूरकडे गेला, पुढे सुरतेची लाईन जोडली गेली. लोको शेड, वर्कशॉप, ट्रेनिंग स्कूल, शिवाय ऑर्डनन्स फॅक्टरी आणि दीपनगरचे वीजकेंद्र: गावातला माणूस भोंग्यावर, पाळीवर आणि कॉलवर जगतो. कॉल आला की रात्री दोनलाही डबा भरून निघायचे. अशा गावात आपण होऊन साडेचारचा गजर लावणारा आणि कुठेही न जाण्यासाठी धावणारा माणूस म्हणजे थोडा बिघडलेलाच.

आणि नेमक्या त्याच दशकात, भुसावळला रूळ पडत होते तेव्हा, तिकडे लंडनमध्ये हौशी धावपटू कोण याची व्याख्या लिहिली जात होती. अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबच्या नियमात पैशासाठी धावणाऱ्याला मज्जाव होता, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच वाक्याच्या शेपटीला मेकॅनिक, कारागीर आणि मजूर यांनाही बाहेर ठेवले होते. त्यांनी एक पैसाही बक्षीस घेतलेले नसले तरी. अंगमेहनतीने पोट भरणाऱ्याचे शरीर कामानेच तयार झालेले असते, तेव्हा त्याच्याशी शर्यत म्हणजे सभ्य गृहस्थांवर अन्याय, असा युक्तिवाद! १८८० मध्ये धावण्यातून हे कलम गेले. वल्हवण्याच्या हेन्ली शर्यतीत मात्र ते १९३७ पर्यंत तग धरून होते. १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक चमूला तिथे उतरू दिले नाही, कारण ते सगळे पोलीस होते. त्या व्याख्येने भुसावळच्या शेडमधला फिटर, फायरमन, गँगमन यांच्यापैकी एकही हौशी ठरला नसता. हौस ही रिकामा वेळ असणाऱ्यांची मालमत्ता होती.

आपल्याकडे या व्याख्येची गंमत फार लवकर झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर दोराबजी टाटांनी १९१९ च्या सुमारास जे धावणारे पाहिले ते बहुतेक खेड्यापाड्यांतले शेतकरी होते, अनवाणी. आणि त्यांच्या वेळा पाहून टाटांना ऑलिंपिकचे स्वप्न पडले. संघ निवडायला बसलेल्या मंडळींची तयारी अशी, की शंभर यार्डांना किती वेळ लागावा असे विचारल्यावर एकाने मिनिटांत उत्तर दिले. तरीही १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पची मॅरेथॉन धावले. ती ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सर्वांत लांब. चौगुले एकोणिसावे आले. मराठी शाळांच्या पुस्तकांत त्यांना अर्धे पान तरी मिळायला हवे होते.

खानदेशाचाही या इतिहासात एक वाटा आहे आणि तो आपणच विसरलो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी काँग्रेसचा जन्म झाला त्या मुंबईहून ज्योत आणली गेली. ती गाडीने नाही, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात देत, पायी धावत. ऑलिंपिकची पहिली मशाल-दौड बर्लिनसाठी निघाली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. तिथे तिच्यामागे हिटलरची राजवट होती, इथे खेड्यांतले कार्यकर्ते. आज यावल रोडने तापीचा पूल ओलांडून लाँग रनला जाणारा भुसावळकर फैजपूरच्या दिशेनेच धावत असतो, हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन.

त्या बाटलीचे महत्त्व इथे वेगळे. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पाऊल पुढे टाकायला लागतो. बाकीची उष्णता होते आणि ती घामाने बाहेर टाकावी लागते. मुंबईत घाम वाळत नाही, अंगावरून ओघळून वाया जातो. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडतो, म्हणून माणसाला वाटते आपण घामेजलोच नाही. घरी येऊन काळा टी-शर्ट दोरीवर टाकला की पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतात, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वाकड्यातिकड्या. ते आतले मीठ. दहा-चौदा दिवस उष्णतेत टिकून सराव केला तर शरीर शहाणे होते: रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात या शहाणपणावर विसंबू नये. भुसावळचा धावण्याचा खरा हंगाम भरिताच्या वांग्यांबरोबर येतो आणि त्यांच्याबरोबरच जातो.

शरीरात साठवलेली साखर जोराच्या धावण्याला दीड-दोन तास पुरते. हौशी माणसाची हाफ दोन-अडीच तासांची. म्हणजे ही शर्यत नेमकी साठ्याच्या काठावर बसते, आणि म्हणून तिच्यात पराक्रमापेक्षा हिशेब जास्त लागतो. सुरुवातीला ढोल वाजत असतात, शेजारचे सुसाट सुटलेले असतात, पाय हलके असतात. तिथे जो हात आखडता घेतो त्याचे शेवटचे पाच किलोमीटर माणसासारखे जातात. हे इथल्या लोको पायलटांना शिकवावे लागत नाही. भरलेली मालगाडी उभ्या जागेवरून काढताना ते एकेक नॉच सावकाश घेतात. घाई केली तर कपलिंग तुटते आणि मागचे डबे जागच्या जागी राहतात. आमच्यातले पहिल्या तीन किलोमीटरमध्ये कपलिंग तोडणारे बहुधा खुर्चीत बसून काम करणारे असतात. यात मीही आलो.

लंडनचे ते कलम गेले, फिटर आणि गार्ड आज बिब लावून डॉक्टर-वकिलांच्या रांगेत उभे राहतात, हे पाहून बरे वाटते. पण कलम खरोखर गेले आहे का? स्टार्ट लाईनवर एकदा डोळे फिरवावेत. बायका तीन आणि पाच किलोमीटरच्या गर्दीत भरपूर दिसतात, एकवीसच्या रांगेत मोजक्या. हा दमाचा प्रश्न असता तर सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे ब्राँझ आणले नसते. ऑलिंपिकने स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत रोखून धरली, तेव्हा निदान शरीराची सबब पुढे केली जात होती. आता सबबही लागत नाही. पाच किलोमीटरचा सराव चहा ठेवण्याआधी उरकता येतो. एकवीसच्या तयारीला रविवारचे सलग अडीच तास लागतात, आणि रविवारी पहाटे भुसावळच्या घरात कोणाचा ना कोणाचा डबा असतोच. पाळी, कॉल, क्लास यांपैकी काहीतरी. नवऱ्याची हौस घर सांभाळते. बायकोची हौस घर सांभाळून करायची असते. कारागीर-मजुरांना वगळणारे ते वाक्य इंग्रजांनी निदान लिहून ठेवले होते, म्हणून ते एक दिवस खोडता आले.

तेव्हा या हिवाळ्यात घरातल्या कोणी बाईने, बायकोने, वहिनीने, लेकीने हाफचा फॉर्म भरला, तर टी-शर्ट आणि मेडलचे कौतुक नंतर करा. त्याआधीच्या दहा-बारा रविवारी पहाटेचा चहा आणि डबा तुम्ही करा.