शिकलेली श्रद्धा आणि स्वीकारलेली श्रद्धा

मनुष्याचा पापभीरूपणा, त्याची व्रतनिष्ठा, देवासमोर आपोआप जोडले जाणारे त्याचे हात, हे सारे जर सवयीने आणि अनुकरणाने घडलेले असेल, तर त्या श्रद्धेला त्याची स्वतःची श्रद्धा म्हणता येईल का, हा प्रश्न धर्मचिंतनात जुना आहे; विसाव्या शतकातील मानसशास्त्राने त्याला अधिक धार आणली, एवढेच. पशूंनाही तशाच रीतीने वागणे शिकवता येते हे प्रयोगशाळेत दिसू लागले, तेव्हा माणसाच्या धर्माचरणात पशूंच्या शिकण्याहून वेगळे असे काय उरते, हे सांगण्याची जबाबदारी धर्माचा विचार करणाऱ्यांवर येऊन पडली.

भारतीय दर्शनांपैकी न्यायदर्शनात हा विषय आत्म्याच्या नित्यत्वाच्या चर्चेत येतो. नुकतेच जन्मलेले अर्भक कोणी न शिकवता स्तनपानास प्रवृत्त होते; इच्छा ही पूर्वानुभवाच्या स्मृतीवाचून होत नाही; या जन्मात तर त्याला तो अनुभव अद्याप मिळालेला नाही; तेव्हा हा अभ्यास पूर्वजन्मीचा असला पाहिजे, असे न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील अनुमान आहे. लोखंड लोहचुंबकाकडे जाते तसेच हेही घडत असेल, हा आक्षेप सूत्रकारांनी स्वतःच मांडला आहे आणि लोखंड चुंबकाकडेच जाते, अन्यत्र जात नाही, या नियमालाही कारण लागतेच, असे त्याला उत्तर दिले आहे. आधुनिक जीवशास्त्र येथे वेगळा मार्ग दाखवते. चोखणे ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे विशिष्ट स्पर्श होताच विचाराशिवाय घडणारी हालचाल असून, ती नैसर्गिक निवडीतून वंशपरंपरेने आलेली आहे. व्यक्तीने न शिकलेले, पण तिच्या जातीने असंख्य पिढ्यांत कमावलेले असे काही असू शकते, ही शक्यता नैयायिकांपुढे नव्हती. त्यामुळे त्यांचा निष्कर्ष डळमळतो. परंतु जीवाचे आजचे वागणे हे त्याच्या मागील अनुभवांचे साक्षीदार असते, ही त्यांची मूळ दृष्टी मात्र टिकून राहते.

याच दृष्टीला प्रयोगाचे बळ इवान पाव्हलॉव्ह यांनी दिले. ते रशियातील रियाझानच्या एका धर्मगुरूचे पुत्र होते आणि त्यांचे आरंभीचे शिक्षण ख्रिस्ती धर्मविद्यालयात झाले होते. 1904 चे नोबेल पारितोषिक त्यांना पचनक्रियेच्या संशोधनासाठी मिळाले. अन्न तोंडात पडताच कुत्र्याला लाळ सुटते, हे स्वाभाविक आहे. परंतु अन्नापूर्वी दरवेळी एखादा ठोका ऐकवला, तर काही काळाने नुसत्या ठोक्यानेही लाळ सुटू लागते. मूळच्या निरर्थक उद्दीपकाला अशा साहचर्याने अर्थ प्राप्त होणे, याला अभिजात अभिसंधान म्हणतात. घंटानाद किंवा विशिष्ट राग कानी पडताच, धुपाचा वास येताच भाविकाचे मन निवते, त्यामागेही ही प्रक्रिया असते, हे नाकारण्याचे कारण नाही.

बी. एफ. स्किनर यांचा पुढील दावा अधिक बोचरा होता. कृतीच्या परिणामांमुळे ती कृती पुन्हा करण्याची प्रवृत्ती बळावते, या तत्त्वाला साधक अभिसंधान आणि अशा बळ देणाऱ्या परिणामाला प्रबलन म्हणतात. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना, ती काय करत आहेत याचा विचार न करता, ठरावीक अंतराने दाणे मिळण्याची व्यवस्था केली. आठांपैकी सहा कबुतरांमध्ये चमत्कारिक हालचाली स्थिरावल्या: एक गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. दाणे येताना योगायोगाने जी कृती चालू होती तिलाच पक्ष्याने कारण मानावे तसे ते वागू लागले, असा अर्थ लावून स्किनर यांनी माणसाच्या अंधश्रद्धेशी त्याचे साम्य दाखवले. पुढे 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहाग यांनी हा प्रयोग बारकाईने पुन्हा केला, तेव्हा त्यांतील पुष्कळ हालचाली अन्नाची वाट पाहणाऱ्या कबुतरांच्या जातिस्वभावाचाच भाग असल्याचे दिसून आले. तथापि यापेक्षाही मोठी उणीव त्या तुलनेतच आहे. पिंजऱ्यातील प्रत्येक कबुतर एकटे होते आणि त्याचा विधी त्याच्याबरोबर संपत होता. माणसाचा विधी मात्र तो जन्मण्यापूर्वीपासून चालत आलेला असतो आणि तो त्याला पाहून पाहून मिळतो.

या पाहून शिकण्यात माणूस इतर प्राण्यांहून किती वेगळा आहे, हे व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. एका पेटीतून खाऊ काढून दाखवताना प्रयोगकर्ता काही आवश्यक आणि काही अगदी निरुपयोगी कृती करीत असे. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझींनी सगळ्याच कृतींची नक्कल केली. परंतु पेटी पारदर्शक झाली आणि कोणती कृती व्यर्थ आहे हे दिसू लागले, तेव्हा त्यांनी ती गाळली. तीन-चार वर्षांची मुले मात्र पारदर्शक पेटीसमोरही ती व्यर्थ कृती निष्ठेने करीत राहिली. वरवर पाहता येथे चिंपांझी अधिक शहाणा ठरतो. पण ज्याचे प्रयोजन अजून कळलेले नाही तेही जपून ठेवण्याची ही वृत्ती नसती, तर अर्थ समजण्याआधी मंत्र पाठ करणे शक्य झाले नसते आणि कित्येक पिढ्यांनी मिळून घडवलेली कोणतीही विद्या पुढे पोहोचली नसती. माणसाच्या परंपरेचे सामर्थ्य आणि तिचा आंधळेपणा यांचे मूळ असे एकच आहे.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात, श्रेष्ठ जसे वागतात त्यालाच इतर लोक धर्म समजतात आणि म्हणून ज्ञान्यानेही कर्म टाकू नये, असा विचार येतो. अनुकरणाची ही अटळता तेथे निंदेचा विषय होत नाही. तिचे ओझे अनुकरण करणाऱ्यापेक्षा ज्याचे अनुकरण होते त्याच्यावर टाकले जाते. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे आगरकर याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या बाजूने पाहतात: पूर्वजांनी केले, एवढे कारण रूढीच्या समर्थनाला पुरेसे नाही. या दोन्ही भूमिका एकत्र धरल्यावाचून प्रश्नाला न्याय मिळत नाही, कारण श्रद्धा कशी आली हे कळल्याने ती खरी की खोटी हे ठरत नाही. गणितही सवयीने आणि गुरूचे पाहूनच शिकले जाते. म्हणून त्याचे सिद्धांत असत्य होत नाहीत. मात्र गणितात पडताळ्याची रीत शिक्षणाबरोबरच दिली जाते, तशी ती धर्माचरणात क्वचितच दिली जाते, आणि आगरकरांची तक्रार नेमकी तेथेच रास्त ठरते.

तपासल्यानंतर जे त्याज्य ठरेल ते मनातून जाते का, या प्रश्नावर योगदर्शनाचे विवेचन विलक्षण सूक्ष्म आहे. प्रत्येक अनुभव चित्तात संस्कार, म्हणजे पुढील वृत्तीला जन्म देणारा सुप्त ठसा, ठेवून जातो. क्लेशांच्या, म्हणजे चित्ताला पीडणाऱ्या विकारांच्या, चार अवस्था पतंजली सांगतात, त्यांत उघडपणे वावरणाऱ्या क्लेशाबरोबरच निद्रिस्त, क्षीण आणि मध्येच खंडित झालेल्या क्लेशांचाही समावेश आहे. पाव्हलॉव्ह यांनाही असेच आढळले होते: ठोक्यानंतर अन्न देणे थांबवले की लाळ हळूहळू बंद होते, परंतु काही काळ गेल्यावर तोच ठोका ऐकताच ती पुन्हा सुटते, शिकलेले पुसले गेलेले नसते, दबलेले असते. अल्बर्ट बांडुरा यांच्या 1965 च्या प्रयोगात, मोठ्या बाहुलीला मारणाऱ्या व्यक्तीला शिक्षा होताना पाहिलेल्या मुलांनी तिचे अनुकरण कमी केले. पण बक्षिसाचे आमिष दाखवताच त्यांनीही इतरांइतकेच ते करून दाखवले. कृतीत न दिसणारे शिक्षण आत तसेच होते. म्हणूनच पतंजली संस्कारांना निव्वळ विरोध सुचवत नाहीत. ते प्रतिपक्षभावन, म्हणजे घातक विचाराच्या विरुद्ध विचाराची जाणीवपूर्वक जोपासना, सांगतात आणि अभ्यास दीर्घकाळ, अखंड व आदरपूर्वक झाला तरच तो दृढ होतो, अशी अट घालतात. यांतील काळ आणि सातत्य प्रयोगशाळेलाही मान्य होतील. आदर मात्र पिंजऱ्याबाहेरून कोणाला लादता येत नाही, आणि स्किनर यांच्या कबुतराहून साधक वेगळा पडतो तो या ठिकाणी: आपण घडवले जात आहोत हे त्याला ठाऊक असते आणि घडवणारी गोष्ट त्याने निवडलेली असते.

ही निवडही कोणाचे तरी पाहूनच सुचलेली असेल, असा आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. विवेकी माणूस पाहिल्याशिवाय विवेकाची ओढ सहसा लागत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी विचारतो, तेव्हा तो कसा बोलतो, कसा बसतो आणि कसा चालतो, असेच विचारतो. नक्कल करता येण्याजोगे ते सारे त्याला हवे आहे. श्रीकृष्णाच्या उत्तरात चालण्या-बसण्याचे वर्णन नाही. त्यात आहे ती कामनांचा त्याग केलेल्या, सुखदुःखांत न डगमगणाऱ्या मनाची स्थिती, जी बाहेरून पाहून उचलता येत नाही आणि जिची खूण ज्याची त्यालाच आत शोधावी लागते.