फारखत नसलेले ऋण

नांदेड-लातूरच्या मुलखाला लागूनच, आजच्या बसवकल्याण येथे, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, सहावा विक्रमादित्य राज्य करीत असता विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढे बंगालचा अपवाद सोडला तर बहुतेक साऱ्या देशात हिंदू कुटुंबाच्या मिळकतीचे, वाटणीचे आणि कर्जाचे तंटे शतकानुशतके त्या ग्रंथाच्या आधाराने निकालात निघाले. पित्याचे कर्ज पुत्राने फेडावे, सावकाराचा तगादा आहे म्हणून नव्हे तर पित्याचा आत्मा ऋणमुक्त व्हावा म्हणून फेडावे, ही त्या शास्त्राची मूळ धारणा. परंतु ज्यांनी पुत्रावर हा भार ठेवला त्यांनीच त्याला मर्यादाही घातल्या. पित्याने मद्यापायी, कामवासनेपायी किंवा द्यूतापायी काढलेले कर्ज, त्याच्याकडे राहिलेली दंडाची वा जकातीची बाकी, त्याने व्यर्थ कबूल केलेली दाने, यांतले काहीही पुत्राच्या माथी मारता येत नाही, असे याज्ञवल्क्यानेच सांगून ठेवले आहे. पुत्राने व्याजासह फेडावे, पौत्राने निव्वळ मुद्दल द्यावे आणि प्रपौत्राला या दायित्वातून मोकळे करावे, अशी पिढीगणिक उतरती पायरी बृहस्पतीने लावून दिली. व्याजालाही दामदुप्पटीचा बांध होता. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी मागता येत नसे. आणि अखेर 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या 9 सप्टेंबरनंतर घेतलेले पित्याचे कर्ज केवळ धर्मकर्तव्य म्हणून पुत्राकडून वसूल करण्याची वाटच बंद झाली.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पूर्वजांच्या चुकांखाली वंशजांनी दडपून जाऊ नये याविषयी इतकी काळजी वाहणाऱ्या परंपरेत आपण वाढलो, आणि तरीही आपल्या घरातून रोज सकाळी असे एक ऋण बाहेर पडते की ज्याला मुदत नाही, दामदुप्पट नाही, आणि ज्याची फारखत कोणत्याही पिढीला लिहून मिळणार नाही. मी बोलतो आहे ते एकदा वापरून टाकून द्यायच्या प्लास्टिकविषयी: भाजीची पातळ पिशवी, चहाचा पेला, शाम्पूची पुडी, मुलांच्या खाऊचे चकचकीत वेष्टन. हा विषय नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागाचा आहे, धर्माचा नव्हे, असे मानणारे पुष्कळ सज्जन मला ठाऊक आहेत. माझे मत त्यांच्या उलट आहे. ज्या वस्तूचा उपभोग घटकाभर आपण घेतो आणि जिचे ओझे जन्मालाही न आलेल्यांनी वाहायचे, तिच्याविषयीचा प्रश्न हा ऋणाचाच प्रश्न आहे, आणि ऋणविचार आपल्या धर्मविचाराच्या गाभ्याशी आहे.

पॉलिथिन हा पदार्थ 1933 साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच हाती लागला, म्हणजे त्याचे वय अद्याप शंभर वर्षेही नाही. 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते आणि त्यातून निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता, असा हिशेब शास्त्रज्ञांनी 2017 साली मांडला. उरलेले कोठे गेले? काही जळले, आणि बाकीचे आहे तेथेच आहे. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. परंतु माती जशी पानाला आपल्यात घेते तशी ती या कणाला घेत नाही. 2021 साली इटलीतील संशोधकांनी प्रसूतीनंतरच्या मानवी वारेत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. शास्त्रकारांनी ज्याला पिढीगणिक मोकळे करत नेले त्या वंशजाच्या खाती येथे पहिला श्वास घेण्यापूर्वीच नोंद पडते. त्या कणांचा देहावर नेमका काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. पण ज्याची संमती घेतली नाही त्याच्या देहात आपली थकबाकी जाऊन बसावी, एवढे वृत्त विवेकी गृहस्थाला अस्वस्थ करण्यास पुरेसे असावे.

आता आपल्या नांदेड जिल्ह्यातील धर्माबादकडे वळू. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला वसले आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पैठण, नांदेड अशी तीर्थे मागे टाकीत या तालुक्यातून मराठवाड्याचा निरोप घेते आणि तेलंगणात शिरते. याच तालुक्यातील बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत जो वाद झाला तो दिल्लीपर्यंत गेला. 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली आणि 2.74 टीएमसी पाण्याची मर्यादा घालून, 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत त्याचे दरवाजे उघडे राहावेत असे ठरवून दिले. पाण्याच्या वाट्याची इतकी बारीक मोजदाद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती; परंतु त्याच उघड्या दरवाज्यांतून पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर आपल्या गटारांतून निघालेल्या ज्या पिशव्या खालच्या मुलखात, श्रीरामसागराच्या जलाशयाकडे जातात, त्यांचा दावा आजवर कोणी कोणावर लावलेला नाही. खालच्या गावाने वरच्या गावाविरुद्ध असा दावा लावला, तर आपल्या बाजूने कोणता दस्तऐवज आपण हजर करणार आहोत?

धर्माबादेच्या पुढचेच स्थानक बासर. तेथील सरस्वतीच्या मंदिरात मुलाचा अक्षराभ्यास व्हावा, पहिले अक्षर देवीसमोर गिरवले जावे, ही या भागातील मराठी व तेलुगू दोन्ही घरांची जुनी श्रद्धा आहे, आणि वसंतपंचमीला त्या गर्दीत मराठवाड्याची माणसे मोठ्या संख्येने असतात. बासर सोडून निजामाबादेकडे निघालेली गाडी गोदावरीच्या पुलावर आली की डब्यातले हात जोडले जातात, नाणी पात्रात पडतात, आणि घरून आणलेले निर्माल्यही पडते, पुष्कळदा गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. भक्तीत कमतरता असते असे मी म्हणत नाही. देवाच्या मस्तकावर वाहिलेले फूल कोणाच्या पायाखाली येऊ नये, ही भावना निर्मळ आहे. परंतु निर्माल्याच्या विसर्जनाला जे शास्त्र आहे ते असे की, जे पंचमहाभूतांतून आले ते पूजेच्या निमित्ताने क्षणभर आपल्या हाती थांबले आणि पुन्हा त्यांच्याच स्वाधीन झाले. फूल कुजते, माती होते, पुढच्या हंगामात दुसऱ्या फुलाच्या मुळाशी लागते. गाठ मारलेल्या पिशवीत हा क्रमच थांबतो. ते फूल आत कोंडून काळे पडते आणि पिशवी तशीच तरंगत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला विसर्जन झालेले दिसते. शास्त्राच्या दृष्टीने ते झालेलेच नसते. हीच गोष्ट गोग्रासाची. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ म्हणून इतर जीवांचा वाटा काढण्याची चाल घराघरांत होती, आणि आजही अनेक माउल्या उरलेली पोळी, भाज्यांची देठे गाईसाठी ठेवतात. पण ती कॅरीबॅगेत बांधून कोपऱ्यावर ठेवली की गाय अन्नाबरोबर पिशवीही गिळते, ती तिच्या पोटात साठत जाते, आणि शेवटी पशुवैद्याला तिचे पोट फाडून प्लास्टिकचे गोळे काढावे लागतात. दानाच्या हेतूने निघालेला हात येथे यातना देऊन परत येतो.

मग गृहस्थाने काय करावे? सर्वच प्लास्टिक घरातून हाकलून द्यावे, असा आततायी उपदेश मी करणार नाही, कारण तो पाळला जात नाही आणि न पाळलेला नियम घरातील मुलांना नियमांविषयीच बेफिकीर करतो. येथेही मला मिताक्षरेचाच आधार घ्यावासा वाटतो. कुटुंबाच्या समाईक मिळकतीवर इतरांच्या संमतीवाचून एकट्याने कधी बोजा चढवावा, या प्रश्नाला त्या ग्रंथाने तीन प्रसंग मान्य केले आहेत: आपत्काल, कुटुंबाचे पोषण आणि धर्मकार्य. पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही अज्ञान वारसाच्या पालनकर्त्याला गरजेवाचून त्याची मिळकत गहाण टाकण्याची मुभा दिली नाही. घरातील अज्ञान मुले ही या पृथ्वीची वारस आणि आपण त्यांचे पालनकर्ते, हे मान्य असेल, तर हीच कसोटी प्रत्येक पिशवीला लावून पाहण्यास हरकत नसावी.

आपत्काली वाद नाही. रुग्णालयातील सलाईनची पिशवी आणि सुई यांच्याविषयी कोणी शहाणा मनुष्य आक्षेप घेणार नाही. कुटुंबाच्या पोषणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रोजाने कामाला जाणारी बाई एका रुपयाची शाम्पूची पुडी घेते ती उधळपट्टी म्हणून नाही. बाटलीचे पैसे एकरकमी तिच्या हाती नसतात म्हणून. तिला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्या घरात दरमहा पगार येतो, ज्या घरात फडताळात बाटलीला जागा आहे, तेथे तीच पुडी गरजेच्या सदरात बसत नाही. आणि आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे: प्लास्टिक कमी करायचे म्हणजे पिशव्या शिवायच्या, धुवायच्या, डबे घासायचे, दुकानात जाण्याआधी बरणी आठवणीने बरोबर घ्यायची, आणि हे सारे काम मुकाट्याने घरातील स्त्रीच्या वाट्याला टाकून पुरुषाने निश्चयाचे श्रेय घ्यावे, ही गोष्ट अधर्माची होईल. जो व्रत घेतो त्याने त्याचे कष्टही घ्यावेत. मुलांनी आपली पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा स्वतः धुवावा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्यात अवघड असे काही नाही, आणि आपल्या हाताने धुतलेल्या वस्तूची किंमत त्याला न शिकवता कळते.

उरली ती धर्मकार्याची सबब, आणि मला सर्वांत अधिक चिंता तिचीच वाटते, कारण आपल्याकडील प्लास्टिकचे मोठे ढीग मंगलप्रसंगीच उठतात. महाप्रसादाच्या पंगतीनंतर, वाढदिवसानंतर, लग्नानंतर मांडवामागे काय पडलेले असते ते सर्वांनी पाहिले आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण ज्या मुलखात कालपरवापर्यंत घरोघरी लावले जात, तेथे थर्मोकोलची ताटे आली, आणि देवाच्या नावाने जेवलेल्या अन्नाची उष्टी भांडी शेताच्या बांधावर वर्षानुवर्षे पडून राहू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात सौभाग्याचे वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या दिल्या जातात, ज्या रथसप्तमीपर्यंतही टिकत नाहीत. धर्मकार्यासाठी मिळकतीवर बोजा चढवण्याची मुभा शास्त्राने दिली हे खरे, परंतु व्यर्थ दानाचे ऋण पुत्रावर येत नाही असेही त्याच शास्त्राने सांगितले. जे वाण घेणारीला नको असते आणि देणारीला आठवत नाही, ते व्यर्थ दान नव्हे तर दुसरे काय? याउलट नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात, जेथे 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, अहोरात्र येणाऱ्या यात्रेकरूंना लंगरमध्ये धातूच्या ताटांत जेवण मिळते आणि ती ताटे घासणे ही सेवा मानली जाते. लक्षाधीशही तेथे राखेने हात माखून घेतो. उष्टे भांडे घासणे हे पूजेचे अंग होऊ शकते, याचा याहून जवळचा दाखला आपल्या जिल्ह्याला शोधावा लागत नाही.

कायदा आहेच. 26 जुलै 2005 च्या मुंबईतील प्रलयात तुंबलेल्या गटारांनी डोळे उघडल्यावर राज्याने 2006 साली अविघटनशील कचऱ्याविषयी अधिनियम केला, त्याच्या आधारे 23 मार्च 2018 ची बंदीची अधिसूचना निघाली, आणि 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या, मिठाईच्या डब्यांवरील पातळ वेष्टने अशा वस्तूंवर देशभर मनाई केली. अंमलबजावणी कोठे कडक, कोठे शिथिल आहे. कारखानदाराने उत्पादन थांबवले पाहिजे, त्याचा दोष गृहस्थापेक्षा शतपटीने मोठा आहे, हेही मी मान्य करतो आणि त्याच्याकडे मागणी करत राहिले पाहिजे असे म्हणतो. परंतु दुसऱ्याचे कर्ज मोठे आहे म्हणून आपले बुडवावे, असे कोणत्याही स्मृतीत लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

धर्माबादेतील आणि आसपासच्या गावांतील आईबापांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या वसंतपंचमीला मुलाला बासरला न्याल, तेव्हा पूजेचे साहित्य कापडी पिशवीतून न्या, ती पिशवी मुलाच्या हाती द्या, आणि निर्माल्य पुलावरून न टाकता परत आणून अंगणातल्या तुळशीच्या, नाही तर लिंबाच्या बुंध्याशी त्याच्याच हाताने मातीत पुरा. त्याआधी येणाऱ्या संक्रांतीला वाण म्हणून तीळ, बोरे, गाजर किंवा आपल्याच हाताने शिवलेली एखादी पिशवी द्या. आणि ज्या पंगतीत तुमच्या शब्दाला वजन आहे तेथे पत्रावळी किंवा धातूची ताटे मागवा, आणि ताटे मागवलीत तर ती घासायला स्वतः बसा.