वाचलेलें आणि कळलेलें

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत २०१० सालीं ‘नेल’ नांवाच्या संगणक-प्रणालीस महाजालावरील मजकूर अहोरात्र वाचून तथ्यें शिकण्यास बसविलें. ‘कुकी’ हें बिस्किटाचें नांव. संकेतस्थळें संगणकांत ठेवितात त्या नोंदींचेंही तेंच. नेलनें त्या नोंदी भाजलेल्या खाद्यांत घातल्या. पुढें ‘कुकी पुसल्या’, ‘फायली पुसल्या’ हीं वाक्यें सारखीं दिसतांच फायलीही त्याच पंक्तीस बसविल्या! अखेर माणसांनीं ती चूक सुधारली.

आम्हांस यंत्राचें हंसूं येतें. पण वाचलेल्या एका चुकीवर दुसरी रचून तिलाच विद्वत्ता म्हणण्याची संवय आमचीही नाहीं काय? अंतर इतकेंच कीं, यंत्रानें दुरुस्ती निमूटपणें स्वीकारली. वाचलेलें टाकून देण्याची तयारी नसेल, तर आमच्या वाचनास ज्ञान कोणत्या तोंडानें म्हणावें?