कैची कुणाची?

माझ्या लॅपटॉपवर ‘परकीय’ नावाची एक फाइल आहे. २०२३ च्या पावसाळ्यात पुण्यात आम्ही दोघातिघांनी नोकरी सांभाळून मराठी लिहायला मदत करणारं एक छोटं अ‍ॅप करायला घेतलं होतं. परकीय शब्दांखाली लाल रेघ मारायची आणि शेजारी ‘शुद्ध’ पर्याय सुचवायचा, हे काम माझ्याकडे होतं. हजर : उपस्थित. जमीन : भूमी. कैची : कर्तरी. कोड फारच सोपा होता. शब्द यादीत असला की लाल. यादीतले बरेच शब्द मी माधव जूलियन यांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशातून उचलले होते. याच माणसाने पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलं, त्यामुळे आपण योग्य रस्त्यावर आहोत असं मला वाटत होतं.

त्याच सप्टेंबरात मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आमच्या जिंतूर तालुक्यात घरोघर जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. आमच्या ट्रंकेत, आबांच्या फेट्याच्या कापडात बांधलेले तीन कागद निघाले. तिन्ही उर्दूत. घरात एकालाही वाचता येईना.

पप्पा म्हणाले, “चल, मास्टरकडं जाऊ.”

मास्टर म्हणजे आमचे टेलरचाचा. माझ्या शाळेच्या सगळ्या खाकी चड्ड्या त्यांनीच शिवल्या. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले. कागद कापड बेतायच्या टेबलावर पसरून त्यांनी एका कोपऱ्यावर खडू ठेवला, एकावर टेप, आणि पंख्याच्या बाजूला मोठी काळी कैची.

“काय लिहिलंय चाचा?”

“थांब रे बाळा. लई घाईत लिहिलंय कुणीतरी. नुक्ते पण दिले नाहीत.”

अर्ध्या तासात त्यांनी पणजोबांचं नाव वाचलं, शेताच्या चारी बाजूंचे शेजारी वाचले, साऱ्याचा आकडा वाचला. जातीचा उल्लेख नव्हता. पप्पांनी दोनदा परत बघायला लावलं. चाचांनी दोन्ही वेळा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

मी कैचीकडे बघत बसलो होतो. माझ्या यादीत ती लाल होती.

लहानपणी मला वाटायचं, कैची म्हणजे ‘कै. ची’, वारलेल्या माणसाची. पत्रिकांवर वाचून झालेला समज. त्या रात्री खरी गोष्ट शोधली. शब्द तुर्की भाषाकुळातला आहे. उझबेक आणि किर्गिझमध्ये जवळजवळ ‘कायची’, तुर्कमेनमध्ये ‘गायची’, कझाकमध्ये ‘कायशी’. तिथून तो फारसीत गेला आणि फारसीतून आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूत तो ‘कैंची’ झाला. मराठीने तो नुसता कापडापुरता ठेवला नाही. घराच्या छपराखालच्या तिरक्या लाकडांची कैची होते, आणि माणूस कैचीत सापडतो. कझाकमध्ये कायशीचा दुसरा अर्थ ‘उलट, विरुद्ध’ असा आहे आणि ‘कायशीलिक’ म्हणजे विसंगती. दोन पाती एकमेकांवर येताना बघून दोन्हीकडे आपापलं सुचलं असावं.

गंमत इस्तंबूलमध्ये आहे. तिथे कैचीला म्हणतात ‘माकास’, आणि तो शब्द अरबी आहे. १९३२ मध्ये तिथे भाषासंस्था निघाली, अरबी-फारसी शब्द धडाधड काढले गेले, पण माकास राहिला. म्हणजे तुर्की कुळातला शब्द जिंतूरच्या टेलरच्या हातात आहे आणि इस्तंबूलचा टेलर अरबी शब्दाने कापड कापतो. माझी स्क्रिप्ट दोघांच्याही खाली लाल रेघ मारेल.

‘उर्दू’ हे नावही तिकडचंच. ‘ओर्दू’ म्हणजे छावणी. अकराव्या शतकातल्या महमूद काशगरीच्या कोशात त्याचा अर्थ राजा राहतो ते गाव असा आहे. आजच्या तुर्कीत ओर्दू म्हणजे सैन्य, आणि इंग्रजीतला ‘होर्ड’ही तोच. नाव छावणीचं, पण भाषेची क्रियापदं दिल्लीच्या आसपासची. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि पाटी राहिली.

इथवर माझं डोकं शांत होतं. तर्कशास्त्रात, एखादी गोष्ट कुठून आली यावरून ती कशी आहे हे ठरवणं चूक मानतात. झालं, फाइल डिलीट करायची. पण आबा आठवले. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. लोक बहुतेक मराठी बोलणारे आणि सरकारी कारभार उर्दूत. स्वतःच्याच शेताचा कागद आबांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा आणि समोरचा जे सांगेल त्यावर अंगठा द्यावा लागायचा. हे शब्द आपल्याकडे नुसते व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आले नाहीत, बरेचसे हुकमाबरोबर आले. आबांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

आणि मूळ कधीच मोजायचं नाही, असंही मला म्हणता येत नाही. आम्ही त्या टेबलाशी बसलो होतो ते मूळ शोधायलाच. पणजोबांच्या कागदावर एक शब्द सापडला असता तर माझ्या चुलतबहिणीचा प्रवेश बदलला असता. मग माझ्या सोयीचं मूळ ते पुरावा आणि कैचीचं मूळ तो गुन्हा, हे कसं?

मला सुचलेला फरक असा. चाचांची कैची कुणी पळवली तर त्यांचा धंदा बसेल. ‘कैची’ हा शब्द आपण घेतला म्हणून उझबेक टेलरचं काहीच कमी झालं नाही. त्या शब्दावर कुणाचा दावा थकलेला नाही. आबांचा दावा थकलेला होता, पण तो त्यांना कागदाबाहेर ठेवणाऱ्या कारभारावर होता. आणि चाचा मराठी लिहायला माझं अ‍ॅप उघडतील तेव्हा त्यांच्या निम्म्या धंद्याखाली लाल रेघ येणार. कैची, अस्तर. त्या वेळी कारभार माझा असेल.

रेघा मी काढून टाकल्या. मित्र अजून नाराज आहे. त्याच्या मते किमान ‘पर्याय’ तरी दिसावेत. त्याचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही, म्हणून फाइल ठेवलीय.

त्या दिवशी चाचांनी पैसे घेतले नाहीत. कागद गुंडाळून पप्पांच्या हातात दिले, टेप माझ्या छातीभोवती लावला आणि “चाळीस. पुण्यात खायला बरं मिळतं वाटतं,” म्हणाले. शर्ट दिवाळीला मिळाला. उजवी बाही जरा लांब आहे.