राजीनामा की त्याग? (अध्याय १८, श्लोक ७ ते ९)



आज तीन श्लोक एकत्र घेतेय. सुटे वाचले की मी त्यातून मला हवं तेवढंच उचलते, असा अनुभव आहे. अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन विचारतो, संन्यास आणि त्याग यांत फरक काय? उत्तर देताना भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. वाट्याला आलेलं कर्म मोहापायी टाकून दिलं तर तो तामस त्याग. काम दुःखाचं आहे, शरीराला कष्ट पडतात, या भीतीने सोडलं तर राजस. आणि त्याचं त्याग म्हणून फळ मिळत नाही, असं भगवंत स्पष्टच सांगतात. तिसरा सात्त्विक, आणि त्यात काम सुटतच नाही! करायला हवं म्हणून करत राहायचं, सुटते ती आसक्ती आणि फळाची आशा.

हे वाचत होते तेव्हा माझ्या ड्राफ्ट्समध्ये राजीनाम्याचा मेल पडून होता. गणपतीपासून.

थोडं मागचं सांगते. मी हिंजवडीला आयटीत आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. सकाळी सव्वाआठला निघते, परत यायला साडेसात, आणि पाऊस असला तर विचारूच नका. पगार चांगला आहे, नवऱ्यापेक्षा जास्त आहे, आणि घराचा हप्ता माझ्याच खात्यातून जातो. मुलं पाळणाघरात असतात. तिथल्या काकू प्रेमळ आहेत, तक्रार करायला काही जागाच नाही. हेच तर अवघड आहे.

गणपतीत आरतीनंतर मुलीने शुभं करोति म्हटलं. स्पष्ट, न अडखळता. पण चाल आमच्या घरातली नव्हती, शेवटचा शब्द ओढण्याची पद्धतसुद्धा काकूंची. सगळे कौतुक करत होते आणि माझ्या पोटात कालवलं. त्या रात्री मी तो मेल लिहिला. मुलांसाठी नोकरी सोडतेय, असं वाटून स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं. त्याग म्हटलं की कपाळाला आपोआप गंध लागतं ना, तसं.

पाठवला नाही, कारण दुसऱ्या दिवशी आठवा श्लोक आठवला.

या श्लोकांवर माउलींनी दिलेले दृष्टान्त एकदा ज्ञानेश्वरीतून जरूर वाचा. अंधाराचा राग आला म्हणून कोणी स्वतःचेच डोळे नखांनी ओरबाडावेत, तसा तामस त्याग. आणि राजसाबद्दल बोलताना थेट स्वयंपाकघरात येतात. कडुनिंब जिभेला कडू, हिरडा आधी तुरट, गाय दूध देते पण शिंगंही तिलाच असतात, जेवणाचं सुख हवं तर रांधण्याचे कष्ट आधी. काम सुरुवातीला टोचतंच. ते टोचतं म्हणून जो उठतो, त्याने सोडलं खरं, पण हाती काही लागलं नाही.

मग मी स्वतःला एक प्रश्न विचारला. उद्या माझा मॅनेजर बदलला, रात्रीचे कॉल बंद झाले, तरी मी नोकरी सोडेन का? रविवारी रात्री उत्तर आलं, हो, नक्की. गुरुवारी एक मोठं काम छान पार पडलं, सगळ्यांनी नाव घेतलं, तेव्हा उत्तर आलं, नाही बहुतेक. म्हणजे मुलं दोन्ही दिवशी तीच होती, बदलत होते ते माझे कष्ट. आणि शुभं करोतिचं दुखणं? ते मुलीचं नव्हतंच. ती आनंदात होती. माझी जागा कोणी घेतली, हा माझा मत्सर होता. ज्या बाईने माझ्या लेकराला देवापुढे हात जोडायला शिकवलं, तिचा मत्सर. लिहितानाही लाज वाटतेय.

आता कोणी म्हणेल, मग सोडू नकोस, गीतेनेच सांगितलं. थांबा. गीतेत हिंजवडीची नोकरी हे माझं नियत कर्म आहे असंही लिहिलेलं नाही, आणि बाईने घरी बसावं असंही या श्लोकांत नाही. दोन्ही बाजूंचे लोक गीता हातात घेऊन माझ्याकडे आले, म्हणून मुद्दाम सांगतेय. श्लोक फक्त विचारतो, तू सोडतेस ते कशामुळे?

सासूबाईंना फोन केला. वाटलं होतं, त्या म्हणतील सोड. त्या सांगलीजवळच्या गावी एकत्र कुटुंबात राहिल्या, नोकरी कधी केली नाही. म्हणाल्या, "अगं, मी चोवीस तास घरात होते. पण तुझ्या नवऱ्याजवळ कधी होते? शेतावरचे डबे, पाहुणे, धारा. तो माझ्या पायात घुटमळायचा आणि मी त्याला बाजूला करायचे." मग जरा थांबून, "घरी राहायचं तर मुलांसाठी राहा. घरासाठी राहिलीस तर ते घर तुला खाऊन टाकेल."

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू एकटीच का उत्तरं देतेस? पगार माझा कमी आहे. हिशेबाने घरी मी राहायला हवं." मी हसले. तो हसला नाही. बापाच्या वाट्याला आलेलं कर्मही याच श्लोकात येतं, हे इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

सध्या एवढंच ठरलंय. तीन महिने घर त्याच्या एकट्याच्या पगारात चालवून बघायचं. माझ्या पगारातून फक्त हप्ता, बाकीचा वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात एकविसाव्या दिवशी आमचं गणित कोसळलं. बाहेरून जेवण मागवण्यावर आपण किती उडवतो, ते कळलं. तो मेल मी काढून टाकला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळेल का, असा दुसरा लिहिला, तो मात्र पाठवला. उत्तर आलं, "बघू."

काल संध्याकाळी मुलांना आणायला लवकर पोचले, तेव्हा काकूंची दिवेलागण चालली होती. मीही चप्पल काढून आत जाऊन बसले. काकूंच्या चालीत म्हणायचा प्रयत्न केला. मुलगी म्हणाली, "आई, तू चुकतेस."

उद्या दहावा श्लोक. राम कृष्ण हरी.