हाडं टिकली, कागद नव्हता

जुन्या गुन्ह्यांचा विषय निघाला की हल्ली चर्चा थेट प्रयोगशाळेत जाऊन बसते. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलं. तेव्हापासून तर काळावर मात झालीच, असा सूर लागतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढता येतो, मग दहा-बारा वर्षांचं काय, असं विचारलं जातं. हा युक्तिवाद मला उथळ वाटतो. त्याचं उत्तर पेण तालुक्यात केव्हाच मिळालेलं आहे.

पेण-खोपोली रस्त्यावरचं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. त्याच परिसरात २३ मे २०१२ रोजी जळालेल्या मानवी देहाचे अवशेष सापडले. पोलीस ठाण्याला कळलं, पोलीस आले, काही हाडं तपासणीसाठी मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेली आणि उरलेलं तिथेच पुरलं गेलं. एवढं सगळं झालं, पण गुन्हा दाखल झाला नाही. साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नाही. पुढे पोलीस महासंचालकांनी नेमकी याचीच चौकशी लावली.

ते अवशेष शीना बोरा या तरुणीचे होते, असं तिच्या खुनाच्या खटल्यातला अभियोग पक्ष म्हणतो. खून २४ एप्रिल २०१२ चा, असंही त्याचं म्हणणं आहे. आरोपींना ते मान्य नाही आणि निकाल देणं हे न्यायालयाचं काम आहे. मला इथे फक्त काळाचा हिशेब मांडायचा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये शीनाची आई इंद्राणी मुखर्जी यांना याच प्रकरणात अटक झाली आणि गागोद्याची जमीन पुन्हा उकरली गेली. मधल्या काळात कोकणातले तीन पूर्ण पावसाळे आणि चौथ्याचा बराच भाग त्या मातीवरून गेला होता, तरी हाडं मिळाली. त्यांचा डीएनए जुळला, असं तपास यंत्रणेने सांगितलं. प्रयोगशाळेचे पुरस्कर्ते इथे माझं बोलणं तोडतील : बघा, विज्ञान जिंकलं!

पण विज्ञान आलं कितव्या क्रमांकावर? आधी इंद्राणी यांचा माजी चालक पिस्तुलासह पकडला गेला. तो बोलला, त्याच्या बोलण्यातून जागा कळली आणि मग डीएनए आला. तो बोललाच नसता तर? जे. जे.मध्ये २०१२ पासून हाडं होती. त्यांतला डीएनए त्याच वर्षी काढला असता, तरी तो जुळवायचा कोणाशी? देशभराची डीएनए पेढी करा, असं यावर सांगितलं जातं. त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. ते मंजूर झालं असतं तरी पेढीत नमुना ठाण्याकडूनच जाणार. ज्या ठाण्याने मृत्यूच नोंदवला नाही, ते नमुना कोणत्या क्रमांकाने पाठवणार?

याहून बोलकी गोष्ट २०२४ ची आहे. सरकारी साक्षीदार म्हणून जे. जे.मधल्या तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष चालू होती आणि २०१२ मध्ये सापडलेली हाडं त्यांना दाखवायची होती. ती मिळत नाहीत, असं अभियोग पक्षाने विशेष न्यायालयाला सांगितलं. काही आठवड्यांनी ती तपास करणाऱ्या सीबीआयच्याच दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचं कळवण्यात आलं. बारा वर्षांत हाडं कुजली नव्हती. ती कुठे ठेवली आहेत, हेच माणसांना सांगता येत नव्हतं.

म्हणून मी पुराव्याचं वय आणि पुराव्याचा ठावठिकाणा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. वयाशी प्रयोगशाळा झुंजू शकते. ठावठिकाणा मात्र पंचनामा, लाखेची मोहोर आणि मुद्देमालाच्या वहीतली ओळच सांगते. ती ओळ त्याच दिवशी पडावी लागते, तीन वर्षांनी कोणतंही यंत्र ती लिहू शकत नाही. साक्षीदार विसरतात ही तक्रार जुनीच आहे. पण त्यांचा पहिला जबाब कागदावर असेल तर तीही निम्मी उरते. मनुष्यबळ कमी आहे हे खरं, पण अकस्मात मृत्यूची नोंद करायला एक अंमलदार पुरतो.

कागद खोटाही असतो, हे पेणकरांना सांगायला नको. पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा वह्या भरलेल्याच होत्या, तरी ठेवीदार वर्षानुवर्षं ताटकळत राहिले. पण खोट्या नोंदीचा माग उलटा काढता येतो, कारण ती कोणीतरी केलेली असते. न केलेल्या नोंदीवर सही नसते, म्हणून तिचा जाब विचारायला माणूस सापडत नाही.

तेव्हा पेण असो की रोहा, बेवारस मृतदेहाला त्याच दिवशी अकस्मात मृत्यूचा क्रमांक पडला पाहिजे. तोच क्रमांक हाडांच्या बरणीवर, रुग्णालयाला दिलेल्या पत्रावर आणि मुद्देमालाच्या वहीत हवा. आणि अहवाल आला नाही तर वर्षातून एकदा तरी दंडाधिकाऱ्यांनी ठाण्याला लेखी विचारावं, की या क्रमांकाचं पुढे काय झालं.