चौदांची गोष्ट, दोन चिरंजीव

चित्पावन ब्राह्मण आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हे एकाच फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले एकाच वंशाचे लोक होत, हा दावा दर काही वर्षांनी नव्या उत्साहाने मांडला जातो आणि दर वेळी त्याचा मुख्य पुरावा एकच असतो, तो म्हणजे चौदा हा आकडा. चित्पावनांच्या प्रचलित उत्पत्तिकथेत परशुराम समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत करतो; बेने इस्रायलांच्या परंपरेत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचतात. त्यात गोरा वर्ण आणि घारे डोळे यांची भर घातली की सिद्धांत पुरा होतो. आकड्यावरून गोत्र ठरवायचे झाले तर चौदा रत्ने, चौदा विद्या आणि चौदा भुवने यांनाही याच गलबतात जागा करून द्यावी लागेल.

या दाव्याचा खरा दोष असा की तो मांडणारे ज्या कथांवर विसंबतात त्या कथाच नीट वाचत नाहीत. पहिल्या कथेत मेलेले उठतात आणि प्रत्यक्ष अवताराच्या हातून त्यांना ब्राह्मण्य मिळते, म्हणजे ती अधिकाराच्या प्राप्तीची कथा आहे. दुसऱ्या कथेत मेलेले मेलेलेच राहतात, पुरुषांना आणि स्त्रियांना वेगवेगळ्या दोन टेकाडांखाली पुरले जाते, धर्मग्रंथ समुद्रात जातात आणि वाचलेल्यांजवळ 'शेमा', म्हणजे ईश्वर एकच असल्याची ग्वाही देणारी छोटी प्रार्थना, तेवढी उरते. ही सर्वस्व गमावल्याची कथा आहे. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या डोंगरावर सुरू होणारा समाज गुरूसह सुरू होतो, आणि नवगावच्या वाळूत सुरू होणारा समाज गुरूवाचून.

दोन्हीकडे खरोखर तुलना करण्याजोगे जे आहे, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परशुराम हा सात चिरंजीवांपैकी एक असून कल्किपुराणाप्रमाणे युगान्ती येणाऱ्या कल्कीचा तो गुरू होणार आहे. बेने इस्रायल ज्याला 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात तो संदेष्टा एलिया हाही मृत्यू न पावता अग्निरथातून स्वर्गात गेला आणि प्रभूच्या दिवसाआधी तो परत येईल असे मलाखीच्या ग्रंथात भाकीत आहे. पुढील ज्यू परंपरेने त्याला मसीहाचा अग्रदूत मानले. मसीहा या हिब्रू शब्दाचा अर्थ तेलाने अभिषेक झालेला असा आहे, आणि कोकणात घाणा चालवणाऱ्या व शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या या समाजाला शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' हे नाव द्यावे, हा योगायोग एखाद्या टीकाकाराने रचला असता तर त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला असता.

दुसरा दावा अधिक प्रतिष्ठित आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. कोकणात ज्यूंचा छळ कधी झाला नाही, त्यामुळे त्यांना मसीहाची गरजच भासली नाही, असे सद्भावनेने आणि थोड्या आत्मप्रौढीनेही लिहिले जाते. या विधानामागे असे गृहीत आहे की जुलूम झाला की तारणहाराची आशा आपोआप उगवते. इतिहास तितका सरळ नाही. बाबिलोनचा पाडाव करून ज्यूंना परत जाऊ देणारा इराणी सम्राट कुरुश याला यशायाच्या ग्रंथात 'अभिषिक्त' म्हटले आहे, म्हणजे हे बिरुद एका परकी राजालाही मिळू शकले, आणि इ. स. पू. 520 च्या सुमारास जेरुसलेमचे मंदिर पुन्हा उभे राहू लागले तेव्हा दाविदाच्या वंशातला जरुब्बाबेल याच्याकडे हग्गय संदेष्टा मोठ्या आशेने पाहत होता, ते इराणी राज्य काही विशेष जुलमी नव्हते. आशा केव्हा पेटते, याचे उत्तर छळाइतकेच पुढारीपणाच्या घडणीत शोधावे लागते : धर्माचा अधिकारी सिंहासनाच्या किती जवळ उभा आहे, आणि त्याचे पद कोणाच्या शिक्क्याने टिकते.

यासाठी इ. स. पू. 175 हे वर्ष पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी सिरियाच्या ग्रीक गादीवर चौथा अँटायोकस आला आणि जेसन नावाच्या पुरोहिताने त्याला मोठी रक्कम देऊन आपला भाऊ ओनियास याच्या जागी महापुरोहितपद मिळवले. तीनच वर्षांनी मेनेलाउसने अधिक बोली लावून ते जेसनकडून हिसकावले. देवळाचा सर्वोच्च अधिकार लिलावात निघाल्यावर मंदिर भ्रष्ट होणे, मक्काबी या ज्यू घराण्याचे बंड आणि इ. स. पू. 164 मधील मंदिराचे पुनःशुद्धीकरण ही पुढली पावले ठरल्यासारखीच होती. नेमके हेच वर्ष हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी आपल्या पूर्वजांच्या प्रस्थानासाठी निवडले. 1897 मध्ये लिहून झालेला आणि 1937 मध्ये छापून निघालेला त्यांचा बेने इस्रायलांचा इतिहास असे मांडतो की, ज्या अर्थी कोकणात पुनःशुद्धीकरणाचा सण म्हणजे हनुक्का ठाऊक नव्हता, त्या अर्थी पूर्वज त्याआधीच निघाले असावेत. पुरावा म्हणून हा तर्क लंगडा आहे, कारण ज्यांचे सगळे ग्रंथ बुडाले त्यांच्याकडे एखादा सण नसण्यावरून तारीख ठरत नाही. परंतु समाजाने स्वतःविषयी निवडलेली गोष्ट म्हणून ती मार्मिक आहे : महापुरोहितपद विकले जाण्याच्या वर्षीच आपण तेथून निघालो, असे सांगणारा समाज पुरोहितावाचून जगण्याचे समर्थन नकळत करून ठेवतो.

पुढाऱ्याचे काम काय, या प्रश्नावर प्राचीन ज्यू जगात सर्वांत धीट उत्तर दिले ते योहानान बेन जक्काय यांनी, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. इ. स. 70 च्या सुमारास रोमनांनी जेरुसलेमला वेढा दिला असता आतल्या जहालांची नजर चुकवून ते शवपेटीत पडून नगराबाहेर आले, सेनापती व्हेस्पेशियनला भेटले आणि त्यांनी राजधानी न मागता यावने नावाचे एक लहान गाव व तेथील पंडित मागून घेतले, असे तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा महाग्रंथ सांगतो. कथेचे तपशील इतिहासात बसोत वा न बसोत, तिचा निष्कर्ष खरा ठरला : मंदिर जळाले, यज्ञ थांबले, आणि पुरोहिताची जागा रब्बीने, म्हणजे शिकवणाऱ्या गुरूने, घेतली. हातात रोप असताना मसीहा आल्याची बातमी कळली तर आधी रोप लावून मग त्याच्या स्वागताला जावे, असा उपदेशही योहानानांच्या नावावर आहे. आंब्याच्या कलमाची वेळ टळली की वर्ष हातचे जाते हे जाणणाऱ्या रत्नागिरीच्या बागायतदाराला या उपदेशावरचे भाष्य वाचण्याची गरज पडणार नाही.

याउलट रब्बी अकिवा यांनी 132 मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला मसीहा म्हणून मान्यता दिली, आणि तुमच्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र, म्हणजे मसीहा, आलेला नसेल, अशा आशयाची टोचणी त्यांना एका सहकाऱ्याने दिल्याची नोंद आहे. 135 मध्ये बंड चिरडले गेले, जेरुसलेम ज्यूंना वर्ज्य झाले आणि ज्युडिया हे प्रांताचे नावही पुसले गेले. म्हणून योहानान शहाणे आणि अकिवा आंधळे, असा निवाडा देण्याचा मोह होतो. मात्र योहानानांचे यावने हे रोमच्या परवानगीवर उभे होते, आणि परवानगीने मिळालेल्या अधिकाराला लीनतेची सवय जडते हेही विसरता येत नाही.

कोकणात यावने नव्हते. परंपरेप्रमाणे डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या लोकांना ओळखले, स्त्रियांनी पर आणि खवले असलेलीच मासळी रांधायला निवडली यावरून त्यांची खात्री पटवून घेतली आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना विधी शिकवले. त्यांना 'काजी' म्हटले जाऊ लागले. समाजाच्या व्यवहाराचा प्रमुख 'मुकादम', त्याच्या हाताखाली 'चौगुला', आणि सॅम्युएल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी टिपूच्या कैदेतून सुटल्यावर 1796 मध्ये मुंबईत बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर ते 'जुनी मशीद'. ही भेसळ पाहून शुद्धतावाद्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण जेरुसलेमच्या धर्मसभेचे 'सॅन्हेड्रिन' हे नाव आणि खुद्द 'सिनेगॉग' हा शब्द दोन्ही ग्रीक आहेत. परक्या राज्यात धर्माचा पुढारी राज्यकर्त्याच्या शब्दकोशातूनच आपले पदनाम घेतो. 1738 मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने सुरत व राजापूर येथील, फक्त शेमा जाणणाऱ्या बेने इस्रायलांविषयी लिहिले. ते राजापूर आपल्याच जिल्ह्यातले मानावे असे कोणाही रत्नागिरीकराला वाटेल, पण वस्तीचा नकाशा जंजिऱ्याजवळच्या दंडा-राजपुरीकडे बोट दाखवतो.

जंजिऱ्याचा उल्लेख आला की दोन्ही चिरंजीवांची वाट वेगळी कोठे होते ते दिसते. 1727 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले, तेव्हा तेथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीला गेले, पेशव्यांचे गुरू व सावकार म्हणून त्यांनी सिद्दीवरील मोहिमेचा सतत पाठपुरावा केला, आणि 1736 मध्ये चिमाजीअप्पाने सिद्दी सातला लढाईत ठार केले. येथे गुरू सिंहासनाला खेटून उभा आहे आणि देवाचा अपमान हे राजकारणाचे कारण होते. त्याच सिद्दीच्या मुलखात घाणा चालवणाऱ्या तेल्यांचा एलियाहू कोणाविरुद्ध सैन्य उठवत नव्हता. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवल्या जात. हिब्रू पंचांगातील शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्याचा उरूस भरे. लग्न ठरले, दुखणे बरे झाले, नवस फेडायचा झाला की पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा ताटात मांडून त्याला बोलावले जाई. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवससुद्धा येथे 'बिरड्याचा रोजा' झाला, कारण तो उपास वालाच्या बिरड्याने सोडत. युगान्ताचा दूत कोकणात घरचा पाहुणा झाला होता.

एवढ्यावर थांबले तर मसीहाची आशा येथे विरघळून गेली, असा निष्कर्ष निघतो, आणि वर खोडून काढलेला दुसरा दावाच मागच्या दाराने आत येतो. 1897 ची घटना तो निष्कर्ष टिकू देत नाही. त्या वर्षी ज्यूंना सियोनमध्ये, म्हणजे जेरुसलेमच्या भूमीत, पुन्हा वसवू पाहणाऱ्या हर्झलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांना आले, आणि सियोनला परत नेण्याचे काम देवाच्या हातून होण्याची आपण वाट पाहत आहोत, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी ते नाकारले. ज्यांच्यात कधी रब्बी झाला नाही त्यांचे हे उत्तर म्युनिकच्या ज्यूंच्या विरोधामुळे ज्या परिषदेला बासलला जावे लागले तिच्या कट्टर विरोधक रब्बींच्या भूमिकेशी जुळावे, यावरून असे दिसते की मलिद्याच्या ताटाशी बसलेल्या माणसांनी आशा सोडलेली नव्हती. तिची मुदत ठरवण्याचा अधिकार तेवढा त्यांनी कोणा पुढाऱ्याच्या हाती दिला नव्हता. ब्रिटिश अमदानीत त्यांच्यातले अनेक जण सैन्यात होते, तेव्हा या नकारात राजनिष्ठेची सोय नव्हती असेही म्हणवत नाही.

1948 नंतर त्यांतील बहुसंख्य लोक देवाचा हात स्पष्ट दिसण्याची वाट न पाहता इस्रायलला गेले, आणि तेथे प्रथमच त्यांना सत्ता असलेले रब्बी भेटले. मुख्य रब्बीपीठाने 1960 नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांच्या विवाहांपूर्वी पिढ्यांची चौकशी करण्याचा दंडक घातला, कारण रब्बीविना गेलेल्या शतकांतील लग्ने व घटस्फोट शास्त्रशुद्ध होते याची त्याला खात्री नव्हती. 1964 मध्ये बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव शेवटी संसदेला, म्हणजे धर्मपीठ नसलेल्या सभेला, करावा लागला. दंडकातून त्यांचे नाव तेवढे गाळून पीठाने माघार घेतली. त्यानंतरही लोद, दिमोना आणि बीरशेबा येथील घरांत लग्नाआधी पोह्यांचा मलिदा कालवला जातो, ताटावर प्रार्थना म्हटली जाते, आणि एलियाहूला ज्या देशात मसीहाला घेऊन यायचे आहे त्या देशातही त्याच्याकडे मागणे येते ते मुलीला स्थळ मिळावे म्हणून.